गावाच्या शिवेवरचा वालुकाश्माचा गुंडा: त्याच्यावरील खुणा कशा वाचाव्यात?

धागाकर्ता: घटप्रभाकाठ

बेळगाव जिल्ह्यात गोकाक आणि कोण्णूर यांच्या दरम्यान, डोंगराच्या पायथ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आमच्या गावाची शीव आहे आणि त्या शिवेवर वालुकाश्माचा एक प्रचंड गुंडा आहे. भोवतालची जमीन सपाट असून तीत मका आणि ऊस होतो. जवळपास दुसरा एवढा मोठा दगड नाही, त्यामुळे तो फार दुरून नजरेत भरतो. गावातील कन्नड आणि मराठी दोन्ही घरांमध्ये तो भीमाने भिरकावलेला दगड म्हणूनच प्रसिद्ध आहे. वर्षातून एकदा त्याला चुना लावून नारळ फोडतात.

आता शेजारून जाणारा रस्ता रुंद व्हायचा आहे आणि दगड ‘बाजूला करू’ असे ठेकेदाराच्या माणसांनी सांगितले आहे. त्याआधी त्याची नीट नोंद व्हावी, अशी माझी आणि आणखी काही जणांची इच्छा आहे. दगडावर चार प्रकारच्या खुणा दिसतात. माथ्यावर हाताच्या ओंजळीएवढे दोन-तीन गुळगुळीत खळगे आहेत. पूर्वेच्या अंगाला मध्ये खोल आणि टोकांना निमुळत्या अशा उभ्या खाचा आहेत. एका कडेला चौकोनी छिद्रांची ओळ आहे. चौथी खूण म्हणजे एक कोरीव वर्तुळ असून त्याच्या मध्यभागी टिंब आहे. या वर्तुळामुळे गावातील काही तरुणांनी दगडाचा संबंध थेट चालुक्यांच्या चक्राशी जोडला आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: थरांचा विद्यार्थी

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. खुणांकडे वळण्याआधी दगडाविषयीच बोलू, कारण खुणांचा क्रम लावायला त्याचाच उपयोग होणार आहे.

बेळगाव शहराच्या परिसरात आपल्या पायाखाली बेसाल्ट आणि त्यावरचा जांभा असतो. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या बाजूला मात्र त्याहून कितीतरी जुना खडक उघडा पडलेला आहे. १८७६ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी दक्षिण मराठा प्रदेशाचा अहवाल लिहिला, त्यात त्याने या खडकांना बागलकोट जिल्ह्यातील कलादगी गावावरून नाव दिले. वाळू, गोटे आणि चिखल उथळ पाण्यात साचून हे थर तयार झाले. त्यांचे वय ढोबळ मानाने शंभर कोटी वर्षांच्या घरात किंवा त्याहून अधिक आहे. तेव्हा जमिनीवर ना झाड होते ना प्राणी. हेच थर पश्चिमेकडे बेसाल्टाखाली शिरतात आणि कोल्हापूरच्या दक्षिण भागात व सिंधुदुर्गात अधूनमधून पुन्हा डोके वर काढतात. थोडक्यात, आपण ज्याला गोकाकचा दगड म्हणतो, त्याचे भाऊबंद कोकणातही आहेत.

एवढा मोठा तुकडा सपाट शेतात आला कसा, याचे उत्तर गोकाकच्या धबधब्याशी उभे राहिल्यावर मिळते. तेथे घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि कड्यात आडवे थर व त्यांना जवळजवळ काटकोनात छेदणारे उभे सांधे, म्हणजे खडकातील नैसर्गिक भेगा, स्पष्ट दिसतात. कठीण वालुकाश्माच्या खाली जेथे मऊ, पापुद्रे सुटणारा शेल असतो, तेथे तो आधी झिजतो, वरचा थर अधांतरी राहतो आणि सांध्यांवर सुटून चौकोनी ठोकळ्यांच्या रूपाने खाली येतो. पुढे ऊन, पाऊस आणि ओल ठोकळ्याचे कोपरे सर्वांत आधी खातात, कारण कोपऱ्यावर झीज तीन बाजूंनी होते. म्हणून गुंडा गोल दिसला तरी तो नदीने घरंगळत आणला, असे समजण्याचे कारण नाही.

डोंगरापासूनचे अर्ध्या किलोमीटरचे अंतर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कडा आज जेथे आहे तेथूनच दगड गडगडत आला असेल, असे मानण्याइतका मधला उतार तीव्र दिसत नाही. कडा झिजत मागे सरकतो. तेव्हा हा गुंडा कडा एकेकाळी कोठवर होता, याची खूण असू शकतो. दगड हलवला तर ही माहिती संपली. मग तो कोणत्याही बागेत कितीही चांगल्या चौथऱ्यावर बसवा.

एक गोष्ट मात्र आपण स्वतः तपासू शकता. दगडाच्या उभ्या अंगावर मुख्य थरांच्या आत तिरप्या, वक्र रेघा शोधा. प्रवाहाने वाळू पुढे ढकलत नेली की अशा रेघा उमटतात आणि त्यांना तिर्यक स्तरण म्हणतात. थर मूळ स्थितीत असेल तर या रेघा खालच्या टोकाला अलगद वळून तळाच्या थरात मिसळतात आणि वरच्या टोकाला कापल्यासारख्या एकदम तुटतात. आपल्या दगडात तुटलेली टोके खाली आणि मिसळणारी टोके वर असतील, तर दगड पालथा पडला आहे.

प्रतिसाद: घटप्रभाकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे सकाळच्या तिरप्या उन्हात उत्तरेचे अंग पाहिले. चुन्याचा थर जेथे पोहोचलेला नाही, तेथे तांबूस आणि पांढुरक्या रेघा एकाआड एक आहेत. त्या डावीकडून उजवीकडे झुकत नाहीशा होतात. तुटलेली टोके निःसंशय खालच्या बाजूला आहेत, वरच्या बाजूला त्या पसरट होत जवळजवळ आडव्या होतात. त्याच अंगावर वरच्या बाजूला गोट्यांचा एक पट्टा आहे. त्यातले बहुतेक गोटे पांढरे असून काही गडद लाल आहेत. गावात त्या लाल गोट्यांना बकासुराचे रक्त म्हणतात. दगड पालथा असेल तर त्याने नेमका काय फरक पडतो?

प्रतिसाद: थरांचा विद्यार्थी

फार मोठा फरक पडतो. आज ज्याला आपण माथा म्हणतो, तो मूळ कड्यात थराचा तळ होता आणि खालच्या खडकाला चिकटलेला होता. म्हणजे माथ्यावरचे खळगे, मग ते कोणी का केलेले असेनात, दगड पडल्यानंतरचेच आहेत. कड्यात असताना त्या पृष्ठभागाला कोणाचा हात लागणे शक्यच नव्हते. शिलालेख नाही, नाणे नाही, तरीही ‘आधी पडला, मग वापरला गेला’ हा क्रम केवळ वाळूच्या रेघांवरून लागतो. बाजूच्या अंगांवरील खुणांना मात्र हा नियम लावता येणार नाही, कारण बाजू कड्यातही उघडी असू शकते.

लाल गोटे बहुधा जास्पर या कठीण लाल दगडाचे असावेत. कलादगी थरांच्या तळाशी असे पिंडाश्म, म्हणजे गोटे एकत्र सांधून झालेले खडक, आढळतात. त्यांतील लाल जास्पर हा धारवाडच्या त्याहूनही प्राचीन लोहयुक्त खडकांच्या झिजेतून आलेला असतो. गोट्यांचा पट्टा वरच्या बाजूला असणे हेही दगड पालथा असल्याशी जुळते, कारण जाड माल साधारणपणे थराच्या तळाशी बसतो. पण हा दुय्यम पुरावा आहे; मुख्य साक्ष रेघांचीच.

प्रतिसाद: आकाशदर्शी

एवढा एकाकी आणि एवढा मोठा दगड उल्का असण्याची शक्यता कोणी विचारात घेतली आहे का? उल्का आदळून झालेले लोणारचे विवर महाराष्ट्रात आहेच.

प्रतिसाद: थरांचा विद्यार्थी

ज्या दगडात पाण्याने घासलेले गोटे आणि वाळूचे तिर्यक थर आहेत, तो पृथ्वीवरच्याच पाण्यात तयार झालेला आहे. लोणारचे विवरही बेसाल्टात पडलेले आहे. ही शक्यता येथेच सोडून देऊ.

प्रतिसाद: छिन्नी-हातोडा

आमच्या घरात तीन पिढ्या पाथरवटाचे काम झाले. मी स्वतः आता ते करत नाही, पण दगड फोडताना लहानपणापासून पाहिलेला आहे, म्हणून चौकोनी छिद्रांविषयी लिहितो.

दगड सरळ रेषेत फोडायचा असेल तर आधी त्याची ‘रेघ’ ओळखावी लागते. वालुकाश्म थराच्या दिशेने सहज सुटतो आणि थराला आडवा फोडताना हट्ट करतो. ठरलेल्या रेषेवर टाकीने चौकोनी घरे पाडायची, त्यांत पाचरी बसवायच्या आणि घणाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने थोडेथोडे ठोकत जायचे. एकाच पाचरीवर सगळा जोर काढला तर चीर रेषा सोडून भलतीकडे धावते. आपल्या छायाचित्रात कडेची चार घरे पूर्ण खोल आहेत आणि त्यापुढची दोन नुसती आखून सोडलेली आहेत. म्हणजे काम सुरू झाले आणि मध्येच थांबले. का थांबले, हे दगड पाहूनच कळेल. बहुतेक वेळा आत आडवी चीर निघाली की कारागीर तो दगड सोडून देतो.

घरे कोणत्या काळातली, हे आकारावरून ठामपणे सांगणे कठीण आहे, कारण ही पद्धत चालुक्यांच्या काळापासून माझ्या आजोबांपर्यंत फारशी बदललेली नाही. सुरुंगाची छिद्रे मात्र ताबडतोब ओळखता येतात. ती गोल, सरळ आणि नळीसारखी खोल असतात. तशी छिद्रे येथे नाहीत, म्हणजे हा दगड अजून यंत्राच्या तावडीत सापडलेला नाही.

पूर्वेच्या अंगावरच्या खाचा मात्र माझ्या मते शेतकऱ्यांच्या आहेत. वालुकाश्माचा कण धार लावायला उत्तम असतो. विळा, खुरपे, कोयता एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घासला की अगदी अशीच, मध्ये खोल आणि टोकांना निमुळती खाच पडते. खाचेच्या तळावरून बोट फिरवून पाहा. तळ पाटीसारखा गुळगुळीत लागला आणि भोवतालचा दगड खरखरीत असला, तर समजून जा. खाचांची उंची जमिनीपासून कमरेएवढी आहे का, हेही पाहावे. उभ्याने धार लावणाऱ्याला तीच सोयीची पडते.

प्रतिसाद: मोडीप्रेमी

वर्तुळ आणि टिंब यांविषयी माझे मत मांडतो. त्याला चक्र समजण्याआधी भूमापनाची खूण असण्याची शक्यता तपासावी. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात केंद्रबिंदू दाखवण्यासाठी खडकावर नेमके असेच वर्तुळ आणि मध्ये टिंब कोरत असत. पुढे मुंबई इलाख्यातील जमिनीची मोजणी झाली तेव्हा गावांच्या सीमा न हलणाऱ्या दगडांवर बांधल्या गेल्या. आपला गुंडा शिवेवर आहे, हा योगायोग असण्याचा संभव कमी आहे. दगड शिवेवर आला नसून, दगड आधीपासून तेथे होता म्हणून शीव त्याच्यापर्यंत आली असावी. भूमापन खात्याकडे जुना गावनकाशा आणि टिप्पण (मोजणीच्या नोंदी) मागावे. तेथे तीन गावांच्या शिवा मिळत असतील तर हा दगड नकाशावर दाखवलेला असण्याची दाट शक्यता आहे. असा कागद हाती आला, तर भीमाच्या कथेपेक्षा तो सरकारी कचेरीत अधिक चालेल.

चालुक्यांचे नाव घेण्याचा मोह मी समजू शकतो. बादामीच्या उत्तरेकडील डोंगरातील खडकावर पहिल्या पुलकेशीने किल्ला बांधल्याचा शके ४६५, म्हणजे इ.स. ५४३ मधील लेख आहे. तेथील तलावाजवळच्या कड्यावर कप्पे अरभट्ट या वीराचा साधारण इ.स. ७०० चा लेख असून त्यात कन्नडमधील त्रिपदी छंदातील कडवी आहेत. ऐहोळेच्या मेगुती मंदिराच्या भिंतीवरील इ.स. ६३४ च्या रविकीर्ती या कवीच्या प्रशस्तीत, म्हणजे स्तुतिलेखात, तर नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा (प्रदेशांचा) उल्लेख आहे, आणि तीही वालुकाश्मावरच कोरलेली आहे. पट्टदकलजवळ शंकरलिंगन गुंडू येथील जुन्या खाणीत कारागिरांनी कोरलेल्या खुणा आणि नावे सापडली आहेत. पण हे सारे मलप्रभा नदीच्या खोऱ्यातले आहे. तेथे मंदिरे आणि खाणी एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. आपल्या दगडाजवळ तसे मंदिर नसेल, तर केवळ पाचरीच्या घरांवरून तो काळ सांगणे म्हणजे हवेत बाण मारणे आहे. शिवाय अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत या भागातील मंदिरांसाठी वालुकाश्माऐवजी क्लोराइट शिस्ट हा मऊ, घोटून चकाकणारा दगड पसंत केला जाऊ लागला होता, हेही ध्यानात ठेवावे.

प्राचीनत्वच हवे असेल तर चालुक्यांच्याही मागे जाता येते. कोण्णूरजवळ वालुकाश्माच्या फरश्या उभ्या करून रचलेल्या महापाषाणकालीन दफनकोठ्या आहेत. घटप्रभेच्या काठी अनगवाडी आणि मलप्रभेच्या काठी ख्याड येथे क्वॉर्ट्झाइट या कठीण खडकाच्या गोट्यांपासून घडवलेल्या अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. तेव्हा गुंड्याच्या पायथ्याशी कोणीही हौसेने खणू नये, ही कळकळीची विनंती. एकदा माती उलटसुलट झाली की वस्तू सापडूनही तिचा काळ हरवतो. आणि भीमाच्या वाट्याला आपल्याकडे जितके दगड आले आहेत तितके दुसऱ्या कोणाच्याही आलेले नाहीत. त्यामुळे नावाचा राग मानू नये, पण त्यावर इमारतही रचू नये.

प्रतिसाद: रस्त्याच्या बाजूने

मी त्याच भागातला आहे. दगडाविषयी मला आदर आहे, परंतु उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन त्या वळणावरून जातात आणि समोरचे वाहन दिसत नाही, हेही येथे कोणीतरी लिहायला हवे. गावाला रस्ता हवा आहे. दगड शंभर फूट सरकवला तर इतिहास बुडेल, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद: छिन्नी-हातोडा

तुमची अडचण खरी आहे, पण ‘सरकवणे’ म्हणजे काय, याचा हिशेब मांडून पाहू. लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर आणि उंची ३ मीटर धरली तर ६० घनमीटर होतात. गोलाईमुळे एक तृतीयांश वजा केला तरी ४० घनमीटर उरतात. वालुकाश्माचा एक घनमीटर साधारण २.४ टन भरतो. म्हणजे दगड शंभर टनांच्या आसपास आहे आणि जमिनीत गाडलेला भाग वेगळाच. गावात येणारा जेसीबी स्वतः आठ टनांचा असतो. तो हा दगड हलवू शकत नाही. एवढे वजन उचलणारी क्रेन त्या शेतरस्त्यावर कोणी आणणार नाही. मग उरतो तो सुरुंग आणि खडी. ‘बाजूला करू’ या शब्दांत ठेकेदाराला तेच म्हणायचे आहे, असे मी अनुभवाने सांगतो.

वळणाचा प्रश्न सोडवायचाच असेल तर रस्ता दगडाच्या विरुद्ध बाजूने रुंद करण्याची मागणी करावी. त्या बाजूला सरकारी जमीन आहे का, हे उताऱ्यावरून लगेच कळेल.

प्रतिसाद: मोडीप्रेमी

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी फार गैरसमज असतात. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत कोरीव खडक, शिलालेख आणि एकाश्म (एकसंध मोठा दगड) यांचा समावेश आहे. त्याला किमान शंभर वर्षे झालेली असावीत आणि त्याला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व असावे, अशी अट आहे. कर्नाटकाचा स्वतःचा कायदा १९६१ चा आहे. पण व्याख्येत बसला म्हणून कोणताही दगड आपोआप संरक्षित होत नाही. त्यासाठी सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते. केवळ भूशास्त्रीय महत्त्वाच्या दगडांची स्थिती याहून नाजूक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बंगळूरच्या लालबागेतील नाइस खडक आणि उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटावरील लाव्हाचे स्तंभ यांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटले आहे. आपल्या वालुकाश्माच्या वाट्याला तो मान आलेला नाही. २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांसाठी विधेयकाचा मसुदा अभिप्रायासाठी मांडला होता, पण मसुद्याचा आधार घेऊन जेसीबी थांबत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की अर्जात भूशास्त्र दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. पहिल्या क्रमांकावर सीमाचिन्हाची बाब मांडावी, कारण गावाची शीव ठरवणारी खूण परस्पर नष्ट करण्यास तहसीलदार सहसा तयार होणार नाहीत. अर्ज कन्नडमध्ये द्यावा, सोबत मराठी प्रत जोडावी आणि पंचायतीकडून पोच घ्यावी. त्याची एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे पाठवावी. त्यांनी पाहणी केली नाही तरी पत्र दप्तरी राहते.

प्रतिसाद: घटप्रभाकाठ

सर्वांचे आभार. खाचांचा तळ खरोखरच गुळगुळीत आहे आणि शेजारच्या शेतातील एका आजोबांनी आपण स्वतः तेथे कोयत्याला धार लावल्याचे सांगितले, तेव्हा तो प्रश्न मिटला. पाचरीच्या घरांच्या पुढे, आखून सोडलेल्या दोन घरांच्या खालीच, बोटभर रुंदीची आडवी चीर दिसते. गावनकाशासाठी अर्ज दिला आहे. पंचायतीतील अधिकाऱ्यांनी रस्त्याची आखणी पुन्हा पाहू, असे तोंडी सांगितले असले तरी लेखी काही दिलेले नाही.

एक अडचण उरते. वार्षिक पूजेला चुना आणि तेल-शेंदूर लावतात आणि त्याखाली वर्तुळाची खूण दरवर्षी अधिकाधिक बुजत चालली आहे. तो थर घासून काढावा का?

प्रतिसाद: थरांचा विद्यार्थी

मुळीच घासू नका. तारेचा ब्रश आणि आम्ल ही तर वालुकाश्माची शत्रूच आहेत. जुन्या दगडाच्या पृष्ठभागावर क्षारांनी आणि लोहाने घट्ट झालेले पातळ कवच असते आणि ते गेले की आतले कण भराभर सुटू लागतात. खूण वाचण्यासाठी संध्याकाळनंतर बाजूने विजेरीचा झोत टाकून छायाचित्रे घ्यावीत. तिरप्या प्रकाशात चुन्याखालची कोर सावलीमुळे उठून दिसते. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी, उत्तर दिशा दाखवावी आणि दूरवरून डोंगरासह एक छायाचित्र अवश्य घ्यावे, म्हणजे कडा आणि गुंडा यांमधील अंतर नोंदीत येईल.

पूजा बंद करण्याचा विषय काढू नये. आजवर हा दगड फुटला नाही, त्याचे एक कारण तीही असेल. पुजाऱ्यांशी बोलून चुना आणि शेंदूर दक्षिणेच्या कोऱ्या अंगाला लावण्याची विनंती करावी. त्या अंगावर एकही खूण नाही, आणि रस्त्यावरून येणाऱ्याला तेच अंग आधी दिसते.